मागचं पेडल

भद्रकालीत, पत्र्याच्या शेडखाली,
निजाम कोकणी मिस्त्रीने माझी मोटरसायकल
तिसऱ्यांदा उघडली.
मागे दोन चाकं बसली होती, नीट बसली होती,
चॅनल, वेल्डिंग, वरून रेड ऑक्साइड.
अडलं होतं एवढ्यावरच
की थांबायचं कशाने.

मी म्हटलं, हाताने.
उजवा पाय गुडघ्याखाली द्वारकेच्या सिग्नलला राहिला,
डावा गिअरमध्ये गुंतलेला,
मग उरलं काय?
मिस्त्री म्हणाला, पिंगळेबाई, ऐका.
उजव्या हाताला रेस. त्यालाच पुढचा ब्रेक.
आता मागचाही त्याच्याच गळ्यात.
एका हाताला मालक किती?
पाय घाबरला तर दाबतो.
हात घाबरला तर मूठ आवळतो,
आणि मुठीत रेस असते.

मग म्हणाला, तुमचा तो जयपूरवाला पाय लावा,
पेडल रुंद करून देतो, पोळपाटाएवढं.
मी म्हटलं, त्या पायाला किती दाबलं ते कळत नाही.
रबराला काय, पेडल आणि दगड सारखेच.

दोन दिवस हेच.
तिसऱ्या दिवशी मी बोलून गेले,
अंबडच्या प्रेसमध्ये तुमची तीन बोटं गेली
म्हणून तुम्ही पायाची बाजू घेता.
तो पाना पुसत राहिला.
आणि तुमचा पाय गेला, म्हणून तुम्ही हाताची, म्हणाला.
शेजारच्या पंक्चरवाल्याने रेडिओ बारीक केला.
मग चहा आला. दोन कटिंग. कुणी साखर कमी म्हटलं नाही.

शेवटी त्याने माझंच केलं.
एका लिव्हरला दोन वायरी,
मध्ये लोखंडाची पट्टी, तराजूच्या दांडीसारखी,
डाव्या चाकाला जेवढं, तेवढंच उजव्याला.
पण जुनं पेडल त्याने फेकलं नाही.
लांब रॉड जोडून मागे नेलं,
मागे बसणाऱ्याच्या पायाखाली.
ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतं ना, म्हणाला, तसं.

पहाटे पाचला मालेगाव स्टँडचा उतार,
खाली रामकुंडाकडे अंधार, एखाद-दुसरा दिवा.
मी पुढे, मिस्त्री मागे,
डब्यांच्या खोक्यात डब्यांऐवजी विटा.
पहिल्यांदा ओढला तर उजवं चाक आधी धरलं,
गाडी भेळेच्या झाकलेल्या गाड्याकडे वळली.
उतरून अर्धा आटा.
पुन्हा वर, पुन्हा खाली. पाव आटा.
चौथ्या खेपेला एक म्हातारा पितळी कळशी घेऊन
बघितल्या न बघितल्यासारखा आडवा आला.

मी मूठ आवळली. रेसही आवळली गेली,
अगदी तो म्हणाला होता तशी.
इंजिन ओरडलं.
आणि त्याच क्षणी मागून,
पायाखालच्या सांगाड्यातून मला जाणवलं,
कुणीतरी हळूच, शहाण्यासारखं, दाबत होतं.
मूठ सुटली. मग फक्त दोन बोटांनी
मी ब्रेक ओढला.
म्हातारा कळशीतलं पाणी सांभाळत निघून गेला.

मिस्त्री एवढंच म्हणाला,
दोन बोटं. हेच. चारही नकोत.
त्याच्या उजव्या हाताला दोनच आहेत.

पेठ रोडला आरटीओच्या साहेबाने विचारलं,
हे मागे कशाला?
पाय ठेवायला, साहेब, मिस्त्री म्हणाला,
आणि साहेबाने सही केली.

आता बावीस डबे, गंगापूर रोडच्या तीन हॉस्पिटलांत,
दुपारी एकच्या आत.
हात शिकला. पावसात तीन बोटं, कोरड्यात दोन,
गतिरोधकाआधी नुसता स्पर्श.
मिस्त्री मालेगावला लेकीकडे असतो.
शेडमध्ये आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मागचं पेडल अजून आहे.
भाचा बसला की त्याच्यावर दप्तर ठेवतो.
जाऊबाई बसल्या की प्रत्येक रिक्षाला दाबतात,
सपाट रस्त्यावर गाडी उचक्या देते.
मी सगळ्यांना सांगते,
पाय टेकवा, दाबू नका.

तो दाबायचा.
आणि किती, ते मला मागे न बघता कळायचं.